रोजचं रोज

आमच्या घरात किराणा महिन्यातून एकदाच यायचा. पहिल्या रविवारी, सकाळी दहा वाजता. चौतीस वर्षांत हा रविवार दोनदाच चुकला, एकदा मुलीच्या जन्माच्या वेळी आणि एकदा माझा पाय प्लॅस्टरमध्ये होता तेव्हा. महिन्याच्या मधेच साखर संपली तर मी बिनसाखरेचा चहा प्यायचो, पण दुकानाची पायरी चढायचो नाही. बायको म्हणायची, "अहो, दुकान आपल्याच बिल्डिंगच्या खाली आहे. वाळवंटात राहतो का आपण?" मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

नियम माझा होता. पंप बनवणाऱ्या कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो. चिठ्ठीवर फोरमनची सही असल्याशिवाय मी कुणाला साधा वॉशरसुद्धा दिला नाही, म्हणून कामगारांनी माझं नाव 'कुलूप' ठेवलं होतं. मला त्याचं काही वाटायचं नाही. बेअरिंग नाही म्हणून मशीन थांबलं, असं माझ्या अख्ख्या नोकरीत एकदाही झालं नाही. प्रत्येक मालाची एक पातळी ठरलेली असते. माल तिथवर उतरला की नवा मागवायचा, संपायची वाट बघत बसायचं नाही. ज्याला एवढी साधी गोष्ट कळत नाही त्याला मी माणसांत धरत नसे.

पण खरं कारण कारखाना नव्हतं. लहानपणी आमच्याकडे सगळं रोजचं रोज आणायचे. वडील बांधकामावर जायचे. संध्याकाळी ते घरी आले की आई माझ्या हातात बाटली द्यायची. बाटलीच्या तळाला दोन बोटं तेल, कागदाच्या पुडीत साखर, चहाची चिमूट. ज्या दिवशी वडिलांना काम मिळायचं नाही त्या दिवशी आई बाटली द्यायची नाही आणि मी मागायचो नाही. दुकानदार मला लांबून बघूनच ओरडायचा, "आले, पुडीवाले आले!" आजही ते आठवलं की माझे कान तापतात. रोज आणतो तो उद्याची खात्री नसलेला माणूस, हे तेव्हाच माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

बायकोच्या माहेरीही रोजच आणायचे, पण तिथली तऱ्हा निराळी. तिथं काही कमी नव्हतं. माझ्या सासूबाईंना माणसं लागायची. मीठ आणायला म्हणून जायच्या आणि दीड तासानं अख्ख्या गल्लीच्या बातम्या घेऊन परत यायच्या, मीठ तेवढं विसरून. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायको रोज सकाळी पिशवी घेऊन निघायला लागली, तेव्हा मी असा काही आवाज चढवला की शेजारच्यांनी दार उघडून बघितलं. तिनं पिशवी खुंटीला लावली. पुढं तिनं घरातच शिलाई मशीन टाकलं. कपडे कमीजास्त करून घ्यायला बायका यायच्या, हसायच्या, खिदळायच्या, आणि मी आतल्या खोलीत जाऊन बसायचो. निवृत्त झाल्यावरही तेच. मला मित्र नव्हते आणि त्यांची उणीवही नव्हती. बोलायला ती होती, मला तेवढं पुष्कळ होतं.

मागच्या वर्षी तिचं पोट दुखायला लागलं. दोन महिने ती ओवा चावत बसली आणि मी बसू दिलं. मग तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होते, बोलताना टेबलावरच्या पेनचं टोपण सारखं काढत होते, घालत होते. आठ महिने, फार तर दहा, असं म्हणाले. मी विचारलं, "म्हणजे नक्की किती?" बायकोनं टेबलाखाली माझा हात दाबला.

त्यानंतर तिनं तीन-चार वेळा बोलायचा प्रयत्न केला. "अहो, मी नसेन तेव्हा..." एवढं ती म्हणायची आणि मी उठून गॅलरीत जायचो. एकदा तर जेवता जेवता उठलो. असलं काही माझ्यासमोर बोलायचं नाही, असं मी तिला बजावून सांगितलं. ती म्हणाली, "बरं, नाही बोलत."

मग पहिला रविवार आला. मी दहाच्या ठोक्याला दोन पिशव्या आणि यादीचा कागद घेऊन तिच्यापुढं बसलो. ती मशीनच्या खुर्चीवर बसून कुणाची तरी बाही उसवत होती.

"या महिन्यात नको," ती म्हणाली.

"काय नको?"

"महिन्याचं सामान. रोज लागेल तेवढंच आणू या. तुम्हीच आणत जा, माझ्यानं आता जिना होत नाही."

मी पिशव्यांची घडी घालायला लागलो. बोललो असतो तर रडलो असतो, आणि तिच्यासमोर रडायचं नाही असं मी ठरवलं होतं. उद्याचं सामान घरात ठेवायलाही ही आता तयार नाही, असा मी त्याचा अर्थ लावला. चौतीस वर्षं माझ्याबरोबर राहून शेवटी हिनंही माझ्या हातात तीच तेलाची बाटली दिली.

दुसऱ्या दिवसापासून माझी वरात सुरू झाली. सकाळी पाव आणि दोन अंडी. ते आणून टेकतोय तोवर, "अय्या, जिरं सांगायचं राहिलंच की." जिरं आणलं तर संध्याकाळी काडेपेटी. तीन जिने उतरायचे, तीन चढायचे. माझ्या गुडघ्यांचं भजन व्हायला लागलं. मी म्हणायचो, "अगं, एकदाच सगळं सांगत जा ना!" ती म्हणायची, "माझ्या डोक्यात राहत नाही हो हल्ली." आता जिला गल्लीतल्या चाळीस बायकांची मापं तोंडपाठ होती, तिच्या डोक्यात जिरं राहत नाही, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. पण मी आजाराच्या खात्यात टाकून मोकळा झालो.

दुकान एका बाईंचं होतं. साठीच्या आसपासच्या, जाड भिंगाचा चष्मा, आवाज खणखणीत. माझ्या बायकोला ताई म्हणायच्या, म्हणून मी भाऊजी. पहिल्या दिवशी मी काउंटरवर उभा राहून म्हणालो, "पाव, दोन अंडी. लवकर द्या." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"भाऊजी, सोमवारी तुम्ही? आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?"

मी पैसे पुढं केले. पण त्यांना उत्तराची गरज नसायची. वजन करता करता त्यांची गाडी सुरू व्हायची. दुकानात कोण किती वेळा येतं यावरून त्यांना प्रत्येक घराची कुंडली ठाऊक होती. समोरच्या इमारतीतल्या नर्सबाई रोज ड्यूटी संपली की एक अंडं घेतात. डझनभर नेऊन ठेवता येतात की, पण थेट घरी गेलं की वॉर्डातलं सगळं बरोबर येतं म्हणतात, इथं दोन मिनिटं थांबलं की ते इथंच राहतं. कोपऱ्यावरचं नवीन जोडपं दिवसातून तीनदा येतं, कारण दोघांनाही स्वयंपाक येत नाही आणि प्रत्येक वेळी काहीतरी करपतं. वरच्या मजल्यावरच्या सूनबाई आठवड्याचं एकदम नेतात, कारण सासूबाईंना पिशवीत डोकावायची सवय आहे, आठवड्यातून एकदाच काय ते भांडण होऊन जातं.

"आणि महिन्याचं भरणारे?" एकदा मी न राहवून विचारलं.

"ते दोन प्रकारचे. एक म्हणजे ज्यांना वेळ नसतो ते." आणि त्या पुडा बांधायला लागल्या.

"दुसरे?"

"दुसरे म्हणजे ज्यांना माणूस नको असतो ते," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात पुडा ठेवला.

मला राग आला. मी तिथून तडक निघालो. दुकानाबाहेर एक बाक होता, त्यावर एक निवृत्त बसड्रायव्हर दिवसभर बसलेला असायचा. सगळे त्याला ड्रायव्हरसाहेब म्हणायचे. तो मला रोज हाक मारायचा, "या साहेब, बसा, चहा सांगतो." मी रोज म्हणायचो, "घाई आहे." निवृत्त माणसाला कसली घाई, पण त्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही. उलट रोज बाकावर जरा सरकून माझ्यापुरती जागा करायचा.

एकदा तर बाईंकडं चहापूड संपलेली होती. "उद्या येईल, उद्या या." दुसऱ्या दिवशी चहापूड आली तर साखर नव्हती. इतकं गलथान दुकान मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी घरी येऊन बायकोसमोर तोंडसुख घेतलं. "या बाईला मी स्टोअरमध्ये एक दिवस ठेवली नसती. साखर संपते म्हणजे काय? साठा म्हणून काही असतो की नाही?" बायको पलंगावर पडल्या पडल्या हसत होती. पोटावर हात दाबून हसत होती. बऱ्याच दिवसांनी तिला असं हसताना पाहिलं, म्हणून मीही बडबड लांबवली.

असे अडीच महिने गेले. मग एक दिवस मी काहीतरी शोधायला स्वयंपाकघरातलं खालचं कपाट उघडलं. तांदळाचं मोठं पिंप, जे मी लग्नानंतर पहिल्या पगारात आणलं होतं, ते धुऊन, पुसून, उलटं घालून ठेवलेलं होतं. डाळींचे डबेही तसेच, ओळीनं उलटे. एवढं करायला तिला किती वेळा बसावं लागलं असेल, उठावं लागलं असेल. बाहेरून तिचा आवाज आला, "अहो, येताना तांदूळ आणा. पाव किलोच आणा."

पाव किलो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हिनं आवराआवर चालवली आहे. हिचं ठरलंय, आणि मला विचारलंही नाही.

मी तसाच बाहेर पडलो. घाऊक बाजारात गेलो. तांदळाची चार पोती, कणकेची तीन, डाळी, तेलाचे डबे, साखरेचं पोतं, चहा, मीठ, साबण, काडेपेट्यांचा खोका. दोन माणसांचं एक वर्षाचं सामान. हिशेब मला तोंडपाठ होता, तेच तर माझं काम होतं. डॉक्टरांनी आठ महिने म्हटलं होतं ना, मी बारा महिन्यांचं भरलं. टेम्पो केला, हमाल केले. तीन जिने हमाल पोती चढवत होते आणि शेजारी दारं उघडून बघत होते. सामान स्वयंपाकघरात मावेना, म्हणून शिलाई मशीन गॅलरीत सरकवून पोती बाहेरच्या खोलीत रचली.

बायको भिंतीला धरून बाहेर आली. आधी तिला काही कळेचना. मग ती एका पोत्यावर बसली.

"अहो, हे काय केलंत तुम्ही?"

"सामान आणलं. वर्षाचं."

"पण मी तर तुम्हाला..."

"हे संपेपर्यंत तू कुठंही जायचं नाहीस," मी म्हणालो. चांगला ओरडलो. "आणि रोजचं रोज हे माझ्या घरात पुन्हा ऐकायचं नाही. मी भिकारी नाही."

ती बोलायला गेली. मी हात वर केला. तिनं तोंड मिटलं आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, माझं म्हणणं तिच्या मनाला भिडलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो आणि मनातून खूशही झालो. मूर्खपणाला काही मर्यादा असते म्हणतात, माझ्या बाबतीत ती कुणी आखलेलीच नव्हती.

त्यानंतर मी दुकानात गेलो नाही. जायचं कारणच उरलं नव्हतं. दूध दारात येत होतं, भाजीवाला खालून टोपलीत भाजी द्यायचा, दोरीनं वर ओढून घ्यायची. मी दिवसभर तिच्या उशाशी बसून राहायचो. ती झपाट्यानं खंगत गेली. जेवण सुटलं. माझी पोती जशीच्या तशी होती, एकाचंच तोंड कापलेलं.

शेवटच्या महिन्यात तिनं मला बऱ्याचदा सांगितलं, "जरा खाली जाऊन या ना. काहीतरी आणा." मी विचारायचो, "काय हवंय तुला? सांग, घरात असेल." ती डोळे मिटून म्हणायची, "काहीही आणा हो. मीठ आणा." मी तिला समजावायचो की मीठ आहे, खोकाभर आहे, आणून दाखवू का? ती मान वळवायची. मला वाटायचं औषधांनी तिला भ्रम होतोय. तसं मी मुलीला फोनवर सांगितलंसुद्धा.

ती गेली एका दुपारी. मुलगी आली होती, तिनं सगळं केलं. दहा-बारा दिवस राहिली आणि नोकरीवर परत गेली. जाताना म्हणाली, "बाबा, चला माझ्याबरोबर." मी म्हणालो, "इथं वर्षाचं सामान पडलंय, त्याचं काय करू?" ती डोळे पुसून निघून गेली.

मुलगी गेल्यावर पाच दिवस मी दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. घरात सगळं होतं. पाचव्या दिवशी सकाळी बेल वाजली. दुकानवाल्या बाई होत्या. तीन जिने चढून त्यांना धाप लागली होती. त्यांनी आत येऊन पोत्यांची रास बघितली आणि बसायला जागा शोधली.

"पाच दिवस तुमच्या गॅलरीचं दार उघडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "खालून बघतेय मी. दुधाच्या पिशव्या संध्याकाळपर्यंत दारात असतात, शेजारचे सांगतात."

"मी ठीक आहे."

"भाऊजी, मला हे बोलायचं नव्हतं. ताईंनी मला शपथ घातली होती. पण त्या गेल्या, आता कसली शपथ?" त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "डॉक्टरांकडून आल्यावर चौथ्या दिवशी ताई माझ्याकडं आल्या होत्या. तुम्ही झोपला होतात. जिना उतरून आल्या, पोट धरून. म्हणाल्या, आमच्या यांना मी उद्यापासून रोज पाठवणार आहे. दिवसातून दोनदा पाठवीन. तुम्ही त्यांना एकदम सगळं देऊ नका. मधेच एखादी वस्तू नाही म्हणा, उद्या या म्हणा. बोलतं करा त्यांना. बाकावर बसवा."

मी एका पोत्याला टेकलो.

"मी म्हटलं, ताई, सरळ सांगा ना भाऊजींना. तर म्हणाल्या, ते ऐकून घेत नाहीत, मी नसेन तेव्हा म्हटलं की उठून जातात. म्हणाल्या, या माणसाला माझ्याशिवाय कुणी नाही हो. मी गेले तर महिन्याचं सामान भरतील, कडी लावतील, आणि आत मरून पडले तरी पुढच्या रविवारपर्यंत कुणाला कळणार नाही. सात-आठ महिने आहेत माझ्याकडं, तेवढ्यात त्यांच्या पायांना सवय लावायची आहे. डबे रिकामे असले म्हणजे जावंच लागेल."

चहापूड होती. साखर होती. दुकान मुळीच गलथान नव्हतं. आणि उलटे घातलेले ते डबे तिनं स्वतःसाठी आवरले नव्हते.

"तुम्ही हे सगळं आणलंत त्या दिवशी त्यांनी मला फोन केला होता," बाई म्हणाल्या. "नुसत्या रडत होत्या. म्हणाल्या, आता ते खाली येणार नाहीत."

त्या गेल्यावर मी पोत्यांमध्ये जमिनीवर बसलो आणि मोठ्यांदा रडलो. तीस-पस्तीस वर्षांचं सगळं बाहेर आलं. मरण समोर दिसत असताना या बाईला स्वतःची काळजी नव्हती, माझी होती. पोटात एवढ्या कळा असताना ती माझ्यासाठी जिरं विसरत होती. आणि मी तिला एकदाही बोलू दिलं नाही. ती गेली ती हीच भीती मनात घेऊन गेली, की हा आत कडी लावून बसणार. मी तिच्यासमोर तीन महिने तेच करून दाखवलं. एकदा, फक्त एकदा खाली जाऊन मीठ आणलं असतं, तर ती थोडी निवांत गेली असती. हे आता कुठूनही भरून येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली आणि जिने उतरलो. दुकानात जाऊन मीठ मागितलं. बाईंनी लगेच पुडा काढून दिला. बाहेर बाकावर ड्रायव्हरसाहेब होते. चार महिने ते मुलाकडं परगावी गेले होते, कालच परतले होते, हे मला नंतर कळलं. मला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"या साहेब! किती दिवसांनी. बसा, चहा सांगतो." ते नेहमीसारखे जरा सरकले. या वेळी मी बसलो. त्यांनी आत वळून दोन चहा सांगितले आणि विचारलं, "वहिनींची तब्येत कशी आहे आता?"

"गेली ती," मी म्हणालो. "सतरा दिवस झाले."

हे मी आजवर तोंडानं कुणालाच सांगितलं नव्हतं. फोन मुलीनं केले होते, आलेल्या माणसांशी तीच बोलली होती. ड्रायव्हरसाहेबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. चहा आला. मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, डॉक्टर, टोपण, पोती, सगळं. त्यांनीही त्यांच्या बायकोचं सांगितलं, तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती. बोलता बोलता दुसरा चहा झाला आणि ऊन बाकावर आलं. मी एका परक्या माणसाशी तासभर बोलत बसलो होतो.

आता घरी जाऊन हे तिला कधी एकदा सांगतो असं मला झालं, आणि मी मिठाचा पुडा घेऊन लगबगीनं उठलो. पहिला जिना चढून जाईपर्यंत मी खरंच आनंदात होतो.